नावांचा सातबारा

जमिनीचा व्यवहार निघाला की आपण आधी सातबारा मागतो. नाव कोणाचे, फेरफार कधी झाला, इतर हक्कांत काय लिहिले आहे, हे पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनच्या भूसंपादनाने तर मनोर-पालघर पट्ट्यात हे शब्द घरोघरी पोचवले. इंटरनेटवरच्या नावांबद्दल मात्र आपण असे काहीच विचारत नाही. तिथेही नोंदवही आहे, ती सांभाळणारे आहेत, त्यांच्यावर देखरेख आहे आणि त्या देखरेखीत उणिवाही आहेत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे दिली. सुरुवातीला अमेरिकेतल्या जाळ्यातील सगळ्या संगणकांची यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिची वाटणी करणारी रचना मांडली. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. एका वहीऐवजी वह्यांची उतरंड आली. सर्वांत वरच्या वहीत, म्हणजे रूटमध्ये, फक्त 'डॉट कॉम कोण सांभाळतो, डॉट इन कोण सांभाळतो' एवढेच असते. पुढचा तपशील ज्याच्या त्याच्या वहीत. रूटच्या सेवकयंत्रांना तेरा नावे आहेत, ती बारा संस्था चालवतात. त्यांच्या प्रती मात्र जगभर दीड हजारांहून अधिक ठिकाणी ठेवल्या आहेत, त्यात मुंबईही आली.

टपालाचा पत्ता जसा शेवटून वाचतात, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, तसेच हे नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

लोक म्हणतात, 'डोमेन विकत घेतले.' प्रत्यक्षात विकत काहीच मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीसाठी नोंदवहीत आपले नाव लागते, इतकेच. आपण ज्याच्याकडे पैसे भरतो तो रजिस्ट्रार. तो महा ई-सेवा केंद्रासारखा, अर्ज पुढे पाठवणारा. वही असते रजिस्ट्रीकडे. समजा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखानदाराने वेबसाइट करून घेतली आणि ती करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवले. कारखानदार दरवर्षी पैसे देतो, पाटीवर, बिलावर, मालाच्या खोक्यावर ते नाव छापतो. पण वहीत नाव मुलाचे. मुलगा गाव सोडून गेला आणि नूतनीकरण राहिले, तर काही दिवसांच्या सवलतीनंतर नाव तीस दिवसांच्या सोडवणुकीच्या काळात जाते. तेव्हा जादा रक्कम भरून ते परत मिळते, पण अर्ज मुलाच्या खात्यातूनच करावा लागतो. त्यानंतर ते कोणालाही घेता येते. मग त्या नावाच्या ईमेलवर येणाऱ्या ऑर्डरीही नव्या माणसाच्या हाती पडतात.

सातबाऱ्यात असे घडले तर दाद मागायची वाट आहे. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो, प्रांताकडे अपील होते. आणि या सगळ्यामागे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आहे. नावांच्या वहीमागे काय आहे?

सर्वांत वरच्या वहीपासून पाहू. रूटच्या नोंदींचे काम बरीच वर्षे जॉन पोस्टेल या संशोधकाकडे होते. १९९८ मध्ये त्यासाठी कॅलिफोर्नियात 'आयकॅन' ही ना-नफा संस्था स्थापन झाली, पण अमेरिकी वाणिज्य खात्याशी करार होता आणि रूटमधला प्रत्येक बदल त्या खात्याच्या नजरेखालून जाई. अनेक देशांना हे खटकत असे. भारताने २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडले की हा कारभार पन्नास देशांच्या समितीकडे द्यावा. २०१५ मध्ये मात्र भारताने भूमिका बदलली आणि सरकारे, उद्योग, तंत्रज्ञ व नागरिक अशा सर्वांनी मिळून कारभार करण्याच्या पद्धतीला पाठिंबा दिला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी खात्याचा करार संपला. त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक त्याच नोव्हेंबरात हैदराबादला भरली.

ही देखरेख नुसती कागदावर आहे का? दोन प्रसंग पाहा. २०२२ मध्ये युद्ध पेटताच युक्रेनने रशियाचे 'डॉट आरयू' रूटमधून काढून टाकण्याची मागणी केली. आयकॅनने नकार दिला. एका देशाच्या सांगण्यावरून दुसऱ्याचे नाव पुसायचे नाही, ही तिची भूमिका होती. दुसरा प्रसंग 'डॉट ऑर्ग'चा. जगभरच्या सेवाभावी संस्थांची नावे असलेली ही वही सांभाळणारी संस्था एका गुंतवणूक कंपनीला एक अब्जाहून अधिक डॉलरला विकायचे ठरले होते. संस्थांनी ओरड केली, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी पत्र लिहिले आणि एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने परवानगी नाकारली. थोडक्यात, देखरेख करणाऱ्यावरही कोणाची तरी नजर लागते, आणि लोक बोलले तरच ती नजर कामी येते.

आता आपली वही. 'डॉट इन' १९८९ मध्ये मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आले. नियम इतके कडक होते की २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ पासून वही निक्सी या ना-नफा कंपनीकडे गेली, नियम सैल झाले आणि संख्या लाखांत गेली. सरकारी 'गव्ह डॉट इन' नावे एनआयसी देते. निक्सी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छायेत चालते. तिला माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. नावावरून वाद झाला तर तिच्या धोरणाप्रमाणे लवाद नेमला जातो. न्यायालयाचे दारही उघडे आहे. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली होती. पण महसूल संहितेसारखा, केवळ या वहीसाठी केलेला कायदा आपल्याकडे नाही. सगळे धोरणांवर आणि करारांवर चालते, आणि धोरण बदलायला विधेयक लागत नाही.

या वहीत आपली भाषाही आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला देवनागरी 'डॉट भारत' सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा आठ भाषांना मिळून ते एकच. रूटच्या पातळीवर कोणती अक्षरे चालतील, हे ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांच्या जाणकारांचे पॅनेल ठरवत होते. तिथे मराठीचा प्रश्न आला. 'सुऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा र हिंदीत नाही. तो लिहायची एक रीत अदृश्य जोडचिन्हाची आहे, पण डोळ्यांना न दिसणारे चिन्ह फसवणुकीला वाव देते म्हणून रूटमध्ये त्याला मनाई आहे. शेवटी खाली टिंब असलेल्या 'ऱ' मधून हा अर्धा र नियमांत बसवला गेला. तिथे मराठी जाणणारे कोणी नसते, तर आपले एक अक्षर नियमांतून निसटले असते आणि आपल्याला कळलेही नसते.

सामान्य माणसाच्या खिशाशी या साऱ्याचा थेट संबंध बँकेपाशी येतो. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे स्वतंत्र आडनाव मिळेल. स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली गेली. ते देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेला आहे, त्यामुळे भामट्याला ते मिळू शकत नाही. पण तो त्याची नक्कल करू शकतो. पत्त्यात 'बँक डॉट इन' दिसले, पण त्यापुढे 'डॉट ऑफर डॉट कॉम' असेल, तर तो पत्ता बँकेचा नव्हे. तिरकी रेघ सुरू होण्याआधीचा अगदी शेवटचा भाग 'डॉट बँक डॉट इन' हवा. उजवीकडून वाचायचे ते यासाठी.

शेवटी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. संस्थेचे, दुकानाचे, बचतगटाचे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड संस्थेच्या दप्तरात ठेवा, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि 'डॉट इन'च्या वहीलाही अपिलाची वाट असलेला कायदा हवा, हे आपल्या खासदाराला सांगा. महसूल कायद्याच्या बैठकीला आपण गर्दी करतो, कारण जमीन जाण्याची भीती असते. नाव गेले तर नुकसान किती, हे त्या कारखानदाराला विचारावे.