‘घेऊन जा गे मारबत’ : एका नागपुरी आरोळीचा अर्थ

नको असलेला पाहुणा एकदाचा गाडीत बसला की नागपूरकर हळूच म्हणतो, ‘घेऊन जा गे मारबत!’ बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. मारबत कोण, आणि ती नेते काय?

तर मंडळी, पोळ्याच्या रात्री विदर्भातल्या गावांत दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून शिवेबाहेर टाकायच्या आणि ओरडायचं, खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, मच्छर घेऊन जा गे मारबत! पावसाळ्याचे दिवस, आजारपणाचे दिवस. यादी तशीच असणार. नागपुरात याच दिवशी मारबतीच्या अवाढव्य पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची असं सांगतात. दोघींची भेट इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी होते, आणि शेवटी त्यांना जाळतात.

आता वाक्य पाहा. ‘घेऊन जा’च्या आधी जागा मोकळी आहे. तिथं काहीही बसतं. ढेकणाच्या शेजारी महागाई, मच्छराच्या शेजारी भ्रष्टाचार! गंमत या शेजारातच आहे. मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, हेच करतात; त्या वर्षीचा राग त्यांच्या अंगावर पाटी होऊन लटकतो. आणि ‘गे’ म्हणजे घरगुती हाक. देवाला आपण ‘दे’ म्हणतो, हिला ‘ने’ म्हणतो.

काळी मारबत म्हणजे भोसल्यांची बांकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा पुतळा, असं नागपुरात सर्रास सांगितलं जातं. बांकाबाईनं 1857 मध्ये इंग्रजांची बाजू घेतली हे खरं. पण राज्य तर त्याआधीच, 1854 मध्ये खालसा झालं होतं, आणि 1858 मध्ये ती वारली. काळी मारबत निघाली ती त्यानंतर तेवीस वर्षांनी. मला वाटतं, रोगराई नेणारी बाई जुनीच असावी आणि राणीचं नाव तिला मागाहून चिकटलं असावं. राज्य गेल्याचा सगळा राग एका म्हाताऱ्या विधवेच्या माथी मारणं सोयीचं होतं, दुसरं काय!

विदर्भात एखाद्या बाईला ‘मारबत’ म्हणणं ही शिवी आहे. पण पिवळ्या मारबतीपुढे बाया हात जोडतात, लेकराबाळांसाठी नवस बोलतात, आणि मगच ती जळायला निघते.