फटफटीचा कायाकल्प

लंडन शहराच्या वायव्य भागांत नॉर्थ सर्क्युलर नांवाचा हमरस्ता आहे. त्याच्या कडेला ‘एस कॅफे’ या नांवाचें उपाहारगृह १९३८ सालीं मालमोटारी हांकणाऱ्यांच्या सोयीसाठीं उघडण्यांत आलें. महायुद्धांत, १९४० सालीं, बाँबहल्ल्यांत तें उद्ध्वस्त झालें आणि १९४९ सालीं पुन्हां बांधलें गेलें. पुढील दहा-पंधरा वर्षांत अशा उपाहारगृहांच्या अंगणांत जमणाऱ्या तरुणांनीं मोटरसायकलीचा एक नवाच घाट जन्मास घातला. त्याला ‘कॅफे रेसर’ म्हणतात. एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत वाऱ्याशीं पैज लावून जाणारी फटफटी, एवढाच त्या नांवाचा अर्थ. आज साठ-सत्तर वर्षें जुनी इंग्रजी गाडी घेऊन तिला हें रूप देण्याची हौस जगभर पसरली आहे. ही हौस म्हणजे नेमकें काय, आणि तींत धोका कोणता, हें समजून घेण्यासारखें आहे.

त्या काळचें इंग्लंड डोळ्यांपुढें आणल्याखेरीज हें वेड कळावयाचें नाहीं. युद्धानें आणलेली शिधावाटपाची पद्धति तेथें १९५४ सालापर्यंत टिकली. त्यानंतर मात्र कारखान्यांत राबणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या खिशांत आठवड्याचा पगार खुळखुळूं लागला. मोटार घेण्याची त्याची ऐपत नव्हती. हप्त्यांनीं मोटरसायकल घेण्याइतकी होती. वस्तीबाहेरील रस्त्यांवर वेगास कायद्याचें बंधन नव्हतें. ताशीं सत्तर मैलांची मर्यादा आली ती १९६५ च्या डिसेंबरांत. साहजिकच ताशीं शंभर मैल, म्हणजे सुमारें १६० किलोमीटर, हा आंकडा या पिढीचा ध्यास होऊन बसला. त्यास तीं मुलें ‘टन’ म्हणत. वर्तमानपत्रांनीं त्यांना गुंड ठरविलें. बिल शेरगोल्ड या धर्मोपदेशकानें मात्र १९६२ सालीं आपल्या ‘फिफ्टीनाइन क्लबां’त मोटरसायकलवाल्यांची शाखा काढून त्यांना जवळ केलें. या वेडापायीं रस्त्यावर कित्येकांनीं प्राण गमावले, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. कारण पुढें येणाऱ्या यंत्रविचाराचें खरें मोल त्यावरूनच ठरतें.

या गाड्यांत अत्यंत गाजलेली गाडी म्हणजे ‘ट्रायटन’. ती कोणत्याही कारखान्याची नव्हे. ती दोन नामांकित घराण्यांची सोयरीक आहे: इंजिन ट्रायंफ कंपनीचें, सांगाडा नॉर्टन कंपनीचा. ट्रायंफचे रचनाकार एडवर्ड टर्नर यांनीं १९३७ सालीं ‘स्पीड ट्विन’ ही गाडी बाजारांत आणली. तिच्या इंजिनांत दोन सिलिंडर शेजारीशेजारीं उभे होते. वजनास हलकें, सुरू करण्यास सोपें आणि जोर वाढविण्यास वाव असलेलें असें तें यंत्र होतें. त्याचाच वाढता वंश म्हणजे १९५९ सालची ‘बॉनव्हिल’. ६४९ घनसेंटिमीटरचें हें इंजिन दर मिनिटास ६,५०० फेऱ्यांच्या वेगानें फिरलें म्हणजे ४६ अश्वशक्ति देई. पण ट्रायंफचा सांगाडा या जोरास पुरा पडत नसे. वेगांत वळण घेतांना गाडी डोलूं लागे.

नॉर्टनकडे नेमकी याच्या उलट पुंजी होती. उत्तर आयर्लंडांतील मॅककँडलेस बंधूंनीं नॉर्टनसाठीं पोलादी नळ्यांच्या दोन बंदिस्त वेटोळ्यांचा एक सांगाडा तयार केला. वेटोळीं डोक्याशीं एकमेकांस छेदून घट्ट सांधलेलीं असल्यामुळें सांगाडा पिळवटत नसे, आणि मागचें चाक हिसके सोसणाऱ्या झुलत्या भुजेवर बसविलेलें असे. त्यावर बसणें म्हणजे पिसांच्या गादीवर बसणें, अशा अर्थानें त्याला ‘फेदरबेड’ हें नांव पडलें. १९५० सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या दोन्ही स्पर्धांतील पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टननें पटकाविले.

हे सांगाडे सामान्य तरुणांच्या हातीं कसे लागले? त्या वेळीं लहान शर्यती-मोटारींत नॉर्टनचें ५०० घनसेंटिमीटरचें इंजिन बसविण्याची चाल होती. पण कंपनी नुसतें इंजिन विकत नसे. म्हणून मोटारवाले सबंध मोटरसायकल घेत, इंजिन काढून नेत आणि उरलेली गाडी विकून टाकीत. या बिनइंजिनाच्या गाड्यांत कोणी ट्रायंफचें इंजिन बसवून पाहिलें, तें जमलें, आणि एक परंपरा सुरू झाली. ही निव्वळ पोरकट खटपट नव्हती. लंडनच्या डेव्ह डेगेन्स यांनीं बांधलेल्या अशाच एका गाडीनें १९६५ सालीं बार्सिलोना येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली.

आतां कॅफे रेसरच्या विशिष्ट आकाराकडे वळूं. हँडल खालीं व पुढें, पाय ठेवण्याचे दांडे मागें, टाकी लांबट, आसन एकट्याचें आणि त्याच्या टोकाशीं छोटासा उंचवटा. हा केवळ नखरा नाहीं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. ताशीं ऐंशी मैलांवरून शंभर मैलांवर जावयाचें म्हटलें, तर वेग सव्वापट होतो, पण हवेशीं झुंजण्यास शक्ति जवळजवळ दुप्पट लागते. तेवढी शक्ति इंजिनांतून काढणें महाग आणि कठीण. स्वारानें टाकीवर ओणवें होऊन वाऱ्यास कमी छाती दाखविणें स्वस्त आणि सोपें. हँडल खालीं आलें कीं पाय मागें घ्यावेच लागतात, नाहीं तर कंबर मोडते. पाय मागें गेले कीं गिअरचा दांडाही मागें न्यावा लागतो. आणि तो नुसता उलटा बसविला तर जेथें पूर्वीं पाय वर उचलून गिअर बदलत असे, तेथें खालीं दाबावा लागतो. ही उलटापालट स्वाराच्या पायास मुरेपर्यंत घाईच्या क्षणीं भलताच गिअर पडण्याचें भय असतें. एक बदल दुसऱ्या बदलास कसा ओढून आणतो, त्याचें हें लहानसें उदाहरण.

जुनी गाडी उघडतांना शहाणा कारागीर हातांत पाना घेण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेतो. कोणता वायसर कोठें होता, कोणती तार कोणीकडून गेली होती, याची नोंद आणि छायाचित्रें तो ठेवतो. त्या काळच्या इंग्रजी बोल्टांचे आटे आजच्या मिलिमीटरी आट्यांहून वेगळे आहेत. जवळपासच्या मापाचा नवा बोल्ट नेट लावून बसविला, तर ॲल्युमिनियमच्या आवरणांतील आटे कायमचे निकामी होतात. उतावीळपणाची पहिली शिक्षा मिळते ती येथें.

इंजिन उघडल्यावर खरी परीक्षा असते ती क्रँकशाफ्टची. ट्रायंफच्या या दांड्याच्या पोटांत एक नळी बसविलेली आहे. वंगणांत मिसळलेला कचरा फिरण्याच्या वेगानें बाहेर फेंकला जाऊन या नळींत सांचावा आणि स्वच्छ तेल बेअरिंगांस मिळावें, अशी ती योजना. योजना उत्तम, पण अनेक वर्षांचा गाळ घट्ट होऊन नळी चोंदली म्हणजे तेलाची वाट बंद होते. बाहेरून चकाकणारें इंजिन मग भर वेगांत एकाएकीं कोरडें पडून जाम होतें, आणि जाम झालेलें इंजिन मागचें चाकही जखडून टाकतें. म्हणून नव्या रंगाचा विचार करण्यापूर्वीं ही नळी काढून साफ करणें, हा जाणत्यांचा पहिला नियम आहे.

दुसरी बाब कंपनाची. या इंजिनाचे दोन्ही दट्टे एकदमच वर जातात आणि एकदमच खालीं येतात. त्यांचा तोल सांवरण्यासाठीं क्रँकशाफ्टवर वजन ठेवलेलें असतें. पण तें पुरता तोल सांवरूं शकत नाहीं. वरखालीं होणारा धक्का जितका मारावा, तितका तो मागेंपुढें होणाऱ्या धक्क्याच्या रूपानें डोकें वर काढतो. म्हणून किती भाग सांवरावयाचा हें सांगाडा पाहून ठरवावें लागतें. ट्रायंफच्या सांगाड्यांत जें प्रमाण सोसलें, तें नॉर्टनच्या सांगाड्यांत सोसेलच असें नाहीं. चांगले कारागीर क्रँकशाफ्टचा तोल नव्यानें साधून घेतात. न घेणाऱ्यांच्या गाड्यांचे बोल्ट सैल होतात आणि पत्रे तडकतात.

परक्या सांगाड्यांत इंजिन बसविण्यासाठीं दोन्ही बाजूंस ॲल्युमिनियमचे जाड पत्रे कापून लावतात. इंजिनाचें चक्र आणि क्लचचें चक्र एका रेषेंत येणें अवश्य असतें. त्यांत थोडा जरी तिरकसपणा राहिला तरी साखळी दांत खाऊं लागते. मग मॅग्नेटोची पाळी. बॅटरीवांचून ठिणगी देणारें हें उपकरण थंड असतांना ठीक चालतें. पण त्याच्या पोटांतील जुना कंडेन्सर निकामी होत आला असेल, तर तापल्यावर ठिणगी क्षीण होते आणि गाडी घरापासून दहा मैलांवर बंद पडते. दोन कारबुरेटर असतील तर त्यांच्या सरकपट्ट्या एकाच क्षणीं उचलल्या जाव्या लागतात. तसें न झालें तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओढला जातो.

पेट्रोलही आतां पूर्वींचें राहिलेलें नाहीं. ब्रिटनमध्यें २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या कॅफे रेसरवर हौसेनें बसविलेल्या फायबरग्लासच्या टाक्या त्या इथेनॉलनें मऊ पडतात, आणि त्यांचा चिकट अंश कारबुरेटरांत उतरतो. ॲल्युमिनियमची टाकी महाग खरी, पण येथें काटकसर अंगलट येते.

सर्वांत शेवटीं आठवणारी आणि सर्वांआधीं करावयाची गोष्ट म्हणजे ब्रेक. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतीची शक्ति चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन जिरावी लागते. पन्नास मैलांच्या वेगास साजेसा ब्रेक शंभर मैलांच्या वेगांत थांबवील, अशी आशा धरणें म्हणजे आगीशीं खेळणें होय. जुन्या ब्रेक-अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. ज्यांनीं जोर वाढविला आणि ब्रेक तसाच ठेवला, अशांच्या घरीं त्या काळीं दुःखद निरोप आले. आजच्या हौशी माणसानें त्यांच्याकडून एवढें तरी शिकावें.

राहतां राहिला तो प्रश्न पैशाचा नाहीं, नीतीचा आहे. जुनी गाडी हें एका काळाचें आणि त्या काळच्या कारागिरांचें स्मारक. तिला कापून नवें रूप देण्याचा अधिकार मालकास आहे काय? एक पक्ष म्हणतो, मूळ रूपांतील गाडी दर पिढीस विरळ होत चालली आहे. कापलेला सांगाडा पुन्हां जुळत नाहीं. दुसरा पक्ष उत्तर देतो, बदल हाच या गाड्यांचा इतिहास आहे. त्या तरुणांनीं हात लावला नसता तर ट्रायटन जन्मलीच नसती. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु त्या तरुणांना मिळत होत्या त्या अपघातांत मोडलेल्या किंवा इंजिनावांचून पडलेल्या स्वस्त गाड्या. आज कापली जाते ती कदाचित् शेवटच्या कांहींपैकीं एक असते. म्हणून सांगाड्यास करवत न लावतां बोल्टांनीं बसेल तेवढाच बदल करावा, काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून जपून ठेवावा, आणि अखंड मूळ गाडीऐवजीं अगोदरच मोडतोड झालेली गाडी निवडावी, ही जाणत्यांची मधली वाट आहे.

भारतांतील वाचकांच्या दृष्टीनें यास कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपांत राखलेल्या गाडीसच. आजोबांची जुनी फटफटी कोठारांतून काढून तिचा कॅफे रेसर करूं पाहणाऱ्या नातवानें करवत उचलण्यापूर्वीं हें ध्यानांत घेतलेलें बरें.

एस कॅफे १९६९ सालीं बंद पडला आणि २००१ सालीं त्याच जागीं पुन्हां उघडला. रॉयल एनफील्डच्या इंग्लंडांतील कारखान्यानें १९६४ च्या सुमारास ‘कॉन्टिनेंटल जीटी’ या नांवानें तयार कॅफे रेसर विकून पाहिला होता. तो कारखाना केव्हांच मिटला, पण तें नांव मद्रासेंत रुजलेल्या शाखेनें २०१३ सालीं पुन्हां जिवंत केलें. नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसच्या मालकीची आहे. आणि ट्रायंफच्या चारशे घनसेंटिमीटरच्या गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत तयार होतात. ज्या दोन घराण्यांची सोयरीक लंडनच्या पोरांनीं परस्पर जुळविली, त्यांचें गोत आतां इकडे येऊन मिळालें आहे. नव्या गाड्या हव्या तितक्या निघतील. जुनी मात्र जेवढी उरली आहे तेवढीच आहे. तिच्यावर हत्यार चालवितांना हात जरा थबकला, तर त्यांत तिचें आणि स्वाराचें, दोघांचेंही हित आहे.