विद्यार्थी, चिंता आणि अजीर्ण

सिल्वासा येथे 2019 साली नमो वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि उच्च शिक्षणाचे आणखी एक दार आमच्या मुलांसाठी घराजवळ उघडले. तरीही पुष्कळ मुले वापी, सुरत, मुंबईकडे शिकावयास जातात. शिक्षक या नात्याने त्यांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : पोट जड राहते, छातीत जळजळते, चार घासांतच पोट भरल्यासारखे होते. परीक्षा जवळ आली की हे सारे वाढते. घरची मंडळी खानावळीच्या तेलाला दोष देतात. तेल वाईट असेलही, परंतु दोष एकट्या तेलाचा नव्हे.

पथ्याचे अन्न बेताने खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे ते पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. भय वाटले की शरीर झुंजण्यास वा पळण्यास सिद्ध होते. रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो व जठराचे काम मंदावते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराचे निरीक्षण केले व ते 1898 साली प्रसिद्ध केले. मांजर बिथरताच जठराची हालचाल थांबत असे. परीक्षेच्या धास्तीने मुलाचे पोट बिघडते, ते ढोंग नव्हे.

त्यात दिनक्रमाची भर पडते. सकाळी बस चुकेल म्हणून उपाशीपोटी चहा, दुपारी वडापाव, रात्री अकराला पुस्तकात डोळे घालून भरपेट जेवण आणि लगेच आडवे होणे! आडवे होताच जठरातील आम्ल वर चढते. जागरणासाठी पुन्हा चहा, आणि डोके दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळी. ही गोळी जठराच्या अस्तरास इजा करू शकते.

उपाय खर्चाचे नाहीत. जेवणाची वेळ ठरवावी. जेवताना पुस्तक व मोबाईल दूर ठेवावा. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. पहाटे निघणाऱ्या मुलास नागलीची भाकरी फडक्यात बांधून द्यावी.

मात्र प्रत्येक दुखणे चिंतेचे समजू नये. जठरव्रणाच्या मुळाशी बहुधा एक जंतू असतो, हे वॉरन व मार्शल यांच्या 1982 पासूनच्या संशोधनाने सिद्ध झाले. त्यावर औषध आहे. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना त्रास किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती चूर्णावर न विसंबता विनोबा भावे रुग्णालय गाठावे.

ट्रस्टच्या सभासद बंधुभगिनींस आमची एकच विनंती आहे. परगावी शिकणाऱ्या मुलाला आपण फोन करतो आणि प्रथम गुण विचारतो. त्याआधी तो जेवला का, झोपला का, हे विचारावे. त्याची निम्मी धास्ती आपल्याच प्रश्नांतून आलेली असते. ती उतरविणे आपल्याच हाती आहे.