केसपेपर, लेखांक ११ : लग्न झालंय का?

मागच्या लेखांकात मी एक वाक्य सहज लिहून गेले : ‘लग्न झालेल्या प्रत्येक बाईनं तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी.’ त्यावर एका वाचक बाईंची चिठ्ठी आली. चारच ओळी. ‘आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र राहतो. लग्न दोघींचंही झालेलं नाही, होणारही नाही. तुमच्या वाक्यात आम्ही कुठे बसतो?’

बसत नाही. वाक्यच चुकलं होतं, आणि ती घाईत झालेली चूक नव्हती, पंचवीस वर्षांच्या सवयीची होती. म्हणून ठरलेला थायरॉइड आज बाजूला ठेवते आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांनी डॉक्टरांशी काय बोलायचं, त्याबद्दल लिहिते. डॉक्टरांनीही वाचलं तर बरं.

स्त्रीरोगाच्या कुठल्याही ओपीडीत वय विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘लग्न झालंय का?’ आम्हाला विचारायचं असतं, ‘शरीरसंबंध येतात का?’ पण ते विचारताना आमचीच जीभ अडखळते, शेजारी बहुधा आई नाहीतर सासू बसलेली असते, मग लग्नाचं पांघरूण घ्यायचं. पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. ‘हो’ म्हटलं तर आतून तपासणी, आतून सोनोग्राफी, लगोलग लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. ‘नाही’ म्हटलं तर चार ग्लास पाणी पिऊन, लघवी तुंबवून बाहेर बाकावर बसायचं आणि पोटावरून सोनोग्राफी करायची. आतून बघायच्या स्पेक्युलमला कुणी हातसुद्धा लावत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी छत्तिशीची एक बाई आली होती. दोन पाळ्यांच्या मध्ये थोडं थोडं रक्त जात होतं. केसपेपरवर ‘अविवाहित’. मी पोटावरून सोनोग्राफी करून घेतली, ती नॉर्मल आली, गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी परत तेच. शेवटची पाळी कधी आली होती असं विचारलं, तर तारीख सांगितली बरोबरच्या मैत्रिणीनं. हिला आठवावी लागत होती, तिला पाठ होती. मला तेव्हा नुसतं हसू आलं. तिसऱ्या खेपेला ती एकटी आली, दार नीट लागलंय ना ते वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅडम, संबंधानंतर जास्त जातं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.’ स्पेक्युलम घातल्याबरोबर पिशवीच्या तोंडाशी पॉलिप दिसला. गुंजेसारखा लाल, आकारानं जरा मोठा. पाच मिनिटांत काढला, तपासायला पाठवला, साधा निघाला. पण सहा महिने त्या बाईनं गोळ्या खाल्ल्या, मी चुकीचा प्रश्न विचारला म्हणून.

या प्रश्नाचं कूळ जुनं आहे. इटलीतल्या व्हेरोनात डोमेनिको रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्यानं १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या आणि १८४२ साली मांडलं, की गर्भाशयाचा कॅन्सर विवाहित आणि विधवा बायकांत दिसतो, मठातल्या जोगिणींत क्वचित. स्तनांच्या कॅन्सरचं उलट, तो जोगिणींत जास्त. निरीक्षण चोख होतं. पण त्याच्या हाताशी असलेल्या वह्यांत रकाना होता लग्नाचा. खरं कारण कळायला १९८३ उजाडावं लागलं. हॅराल्ड त्सुर हाउजेन यांच्या प्रयोगशाळेत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही १६ हा विषाणू सापडला, त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू त्वचेला त्वचा घासून पसरतो. बोटांवरून, तोंडावाटे, दोघींनी वापरलेल्या साधनावरून जाऊ शकतो. त्याला ना लग्नाचा दाखला लागतो, ना पुरुष. शिवाय आज बाईबरोबर राहणाऱ्या कितीतरी जणींचा कधीकाळी पुरुषाशी संबंध आलेला असतो, आणि विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. ब्रिटनमध्येसुद्धा अशा बायकांना ‘तुम्हाला स्मिअरची, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या तपासणीची, गरज नाही’ असं दवाखान्यातूनच सांगून परत पाठवलं गेलंय. आता तिथली सरकारी आरोग्यसेवा स्पष्ट म्हणते, गरज आहे.

यात जगानं आपल्याकडून शिकावं असं काम महाराष्ट्रात झालंय, ते आपल्यालाच ठाऊक नसतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली आले : आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. मुंबईत टाटा रुग्णालयानं वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर त्याहून स्वस्त उपाय तपासला. पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगरच, बोळ्यानं लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. दहावी शिकलेल्या आरोग्य सेविकांनी हे केलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. असं असून २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते एकोणपन्नाशीच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींनी ही तपासणी कधी काळी करून घेतलेली आढळली. या दोघींत लग्नाच्या रकान्यात न बसणाऱ्या किती असतील, कल्पना करा.

तेव्हा चिठ्ठीवाल्या बाई, तिशी उलटली असेल तर तपासणी करून घ्या, दोघींनीही. परक्या माणसानं स्पेक्युलम घालण्याची धास्ती असेल (आणि ज्यांचा पुरुषाशी कधीच संबंध आलेला नाही त्यांना ते दुखूही शकतं) तर लहान आकाराचा स्पेक्युलम मागा. एचपीव्ही टेस्टसाठी नमुना आपला आपण घेता येतो. पडद्याआड जाऊन कापसाची काडी फिरवायची, झालं. जागतिक आरोग्य संघटनेला ही पद्धत मान्य आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीवरची लस ९ ते २६ वयोगटासाठी आहे. त्यातही लग्नाची अट नाही.

आता खरी पंचाईत. डॉक्टरांना सांगायचं कुठल्या शब्दांत? मराठीत या बाबतीत दुष्काळच आहे. ‘समलिंगी’ हा शब्द वर्तमानपत्रातला, तोंडी कुणी वापरत नाही. ‘उभयलिंगी’ म्हणावं तर शाळेच्या पुस्तकातलं गांडूळ आठवतं, आणि डॉक्टरांचाही घोटाळा होतो, कारण आमच्या लेखी तो शरीररचनेचा शब्द. ‘उभयलैंगिक’ बरोबर आहे, पण ओपीडीत तो म्हणून पाहा. बहुतेक जणी ‘लेस्बियन’, ‘बायसेक्शुअल’ म्हणतात, तेही चालतं. माझा सल्ला असा, की लेबल सांगायची सक्ती नाही, माहिती सांगा. ‘लग्न झालेलं नाही, पण माझे संबंध आहेत, बाईशी.’ किंवा, ‘पार्टनर बाई आहे. आधी पुरुषाशीही संबंध होते, दोन वर्षांपूर्वीपर्यंत.’ एवढ्यानं आमचं काम होतं. समोरचा चेहरा बदलला तर दुसरा डॉक्टर शोधायला तुम्ही मोकळ्या आहात.

आणि हे केसपेपरवर लिहायचं की नाही, तेही विचारा. गावात फॅमिली डॉक्टर आईच्या ओळखीचे असतात, पॉलिसी वडिलांच्या नावावर असते, फाइल घरी जाते. रुग्णाचं गुपित राखणं हे डॉक्टरांवर नियमानं बंधनकारक आहे, पण फाइल टेबलावर उघडी राहते त्याचं काय? ‘शरीरसंबंध : आहेत’ एवढं लिहूनही भागतं.

केसपेपरवरचं ‘विवाहित’ही तितकंच फसवं असतं. आपल्याकडे बायकांवर प्रेम करणाऱ्या कितीतरी बायका चारचौघींसारख्या नवऱ्याच्या घरी नांदतात. ‘लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही’ म्हणून सासू घेऊन येते, नवरा दाराशी उभा. संबंधाच्या वेळी दुखतं, असं ती खाली बघून सांगते, आणि आम्ही जेली लिहून देतो. अशा वेळी नातेवाइकांना बाहेर बसवून पाच मिनिटं एकटीशी बोलणं हे डॉक्टरांचं काम. नाही बसवलं तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं म्हणा. ते एक वाक्य आम्हाला कळतं. ज्यांचे संबंध बाईशी आणि पुरुषाशी दोन्हीकडे आहेत त्यांनी ते सांगितलं नाही, तर गर्भनिरोधक आणि एचआयव्ही-सिफिलिसच्या तपासण्या आमच्या डोक्यातही येणार नाहीत.

‘बायकांकडून बायकांना काही होत नाही’ हा समज तर सर्रास आहे. होतं. हर्पिस होतो, ट्रायकोमोनास होतो. अंगावरून पांढरं जाणं, मासळीसारखा वास येणं, ही बॅक्टेरियल व्हजायनोसिसची लक्षणं, आणि हा त्रास बायकांच्या जोडप्यांत पुष्कळदा दोघींना एकदमच असतो. तेव्हा एकीनं गोळ्या घ्यायच्या आणि दुसरीनं गप्प राहायचं, असं करू नका. साधनं वापरत असाल तर दर वेळी धुवा, नाहीतर त्यावर कंडोम चढवा आणि माणूस बदललं की कंडोम बदला.

स्तनांच्या बाबतीत रिगोनी-स्टर्नच्या जोगिणी पुन्हा आठवा. २००२ साली ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला : प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्के घटतो, अंगावर पाजण्याच्या प्रत्येक वर्षामागे आणखी सुमारे ४ टक्के. मूल न झालेल्या बाईला हा फायदा मिळत नाही, इतकंच. ती कुणावर प्रेम करते याचा गाठीशी संबंध नाही. दारू आणि तंबाखू किती, हे खरं सांगा. मिश्रीही धरा त्यात.

मनाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं. त्यातली, बाईवर प्रेम करणारी मित्रा जगत नाही. चाळीस वर्षांनंतरही झोप न लागणं, छातीत धडधड, जीव नकोसा होणं, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलींना घरचे हात धरून आणतात, ते ‘हिला बरी करा’ म्हणून. यात बरं करण्यासारखा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मदुराईहून घर सोडून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ‘मला हा विषय आधी समजून घेऊ द्या’ म्हणत स्वतः मानसतज्ज्ञाकडे बैठक घेतली आणि मग ७ जून २०२१ ला आदेश दिला. न्यायाधीश शिकायला बसतो, हे मला निकालाहून मोठं वाटलं. त्याच खटल्यामुळे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे ‘बदलण्याचे उपचार’ करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे गोळ्या, शॉक किंवा समुपदेशनानं कुणी ‘सरळ’ करून देतो म्हणाला, तर त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

आमची बिरादरी शिकली का? अर्धवट. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांच्या पाठपुराव्यामुळे २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं ‘कौमार्याची लक्षणं’ अभ्यासक्रमातून काढली. पण ऑगस्ट २०२४ अखेर त्याच वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य परत आलं, आणि ‘लेस्बियनिझम’ चक्क अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत. ओरड झाली, आठवड्याभरात मागे घेतलं. तुमचा डॉक्टर कुठल्या सालच्या पुस्तकातून शिकलाय हे पाटीवर लिहिलेलं नसतं. मन फारच खाली गेलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो.

राहिले कागद. ऑपरेशनच्या संमतीवर सही कुणाची? शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची तिची स्वतःची. ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईला भूल दिलेली असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली ती संमती अवैध ठरवली. त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानं दोघींच्या लग्नाला मान्यता मिळाली नाही, हे खरं. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १४ प्रमाणे आपला नामनिर्देशित प्रतिनिधी आपण निवडू शकतो, साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून. तिथे पार्टनरचं नाव चालतं. मरणाच्या दारातले उपचार हवेत की नकोत, याचं आगाऊ इच्छापत्रही दोन साक्षीदार आणि नोटरीपुढे करता येतं. त्यात पालक म्हणून तिचं नाव घालता येतं. मूल हवं असेल तर २०२१ चा प्रजनन तंत्रज्ञान कायदा एकट्या बाईला दात्याचं वीर्य वापरू देतो, मात्र कागदोपत्री आई एकटीच राहते.

या कागदांच्या दोन-दोन प्रती काढा. एक फाइलीत, एक तिच्या पर्समध्ये. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ‘नातं काय?’ असा प्रश्न येतो तेव्हा कपाटाची किल्ली सापडत नाही.

थायरॉइड पुढच्या आठवड्यात.