फरशीखालची गळती

१९५५ सालच्या डिसेंबर महिन्यात दिल्ली शहरात काविळीची साथ उद्भवली आणि पुढील महिन्यात तिने उग्र रूप धारण केले. सुमारे २९,००० लोकांना तिची बाधा झाली. गर्भवती स्त्रियांना तर ती विशेष घातक ठरली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला होता, आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजिराबाद येथे जेथून शहरासाठी पाणी उपसले जाई तेथवर मागे आले होते. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा चालू असूनही रोगाचे बीज घरोघरच्या तोट्यांपर्यंत पोहोचले. त्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासण्यात आले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. काविळीचे जे दोन विषाणू तेव्हा ज्ञात होते, त्यांहून हा निराळा असल्याचे त्यावरून दिसून आले. आज तो हिपॅटायटिस-ई या नावाने ओळखला जातो.

ती साथ पाणी उचलण्याच्या जागीच झालेल्या दूषणाची होती. परंतु पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांची अशीच गाठ, लहान प्रमाणावर, एखाद्या घराच्या फरशीखालीही पडू शकते. म्हणून जोत्याखालील नळाची गळती हा केवळ ओलीचा अथवा पाणीपट्टीचा प्रश्न नव्हे. तो आरोग्याचाही प्रश्न होय.

दिल्लीच्या बहुतेक वस्त्यांत नळाला दिवसाचे काही तासच पाणी येते. ते प्रथम जमिनीतील हौदात पडते आणि तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. पुरवठा चालू असताना नळातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा अधिक असतो. त्यामुळे छिद्रातून पाणी बाहेर जाते. दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असेल, तर तीन मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून तासाला सुमारे २०० लिटर पाणी निघून जाऊ शकते. चार तासांच्या पुरवठ्यात हे नुकसान ८०० लिटरांवर, म्हणजे माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरल्यास जवळजवळ सहा माणसांच्या दिवसभराच्या गरजेइतके होते. पुरवठा थांबला, किंवा शेजाऱ्याने थेट नळाला पंप जोडून पाणी ओढले, म्हणजे क्रम उलटतो. नळात दाब उरत नाही, आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर गेले त्याच छिद्रातून भोवतालचे पाणी आत शिरते. शेजारी मैलानळ फुटका असेल, तर काय आत येईल हे निराळे सांगावयास नको.

दुसरा धोका पायाला आहे. यमुनाकाठची बरीचशी भूमी गाळाच्या मातीची आहे. गळणाऱ्या पाण्याला जवळच्या फुटक्या गटारात वाट मिळाली, तर ते मातीचे बारीक कण आपल्याबरोबर वाहून नेते. काँक्रीटखाली हळूहळू पोकळी तयार होते. फरशी ठोकली असता पोकळ आवाज येतो, आणि पुढे ती खचते.

फरशी ओली दिसली, की खालचा नळच फुटला असे मात्र लगेच मानू नये. जमिनीतील ओल केशाकर्षणाने भिंतीत चढते, तिच्याबरोबर क्षार येतात आणि भिंतीला लोणा लागतो. न्हाणीघराचे सांडपाणीही झिरपते. त्यासाठी दोन साध्या परीक्षा आहेत. पुरवठा चालू असताना सर्व तोट्या आणि हौदाची झडप बंद करावी. तरीही जलमापकाचा काटा फिरत असेल, तर मापकापासून हौदापर्यंतच्या नळात गळती आहे. रात्री गच्चीवरील टाकीच्या पातळीवर खूण करावी, पंप आणि पाण्याचा वापर बंद ठेवावा. सकाळी पातळी उतरलेली आढळल्यास दोष टाकीत किंवा तिच्यापासून निघणाऱ्या नळांत आहे. हौदाचीही अशीच परीक्षा घेता येते. साचलेल्या पाण्यात क्लोरीन आढळले, तर ते बहुधा पुरवठ्याचे पाणी असते. क्लोरीन न आढळणे हा मात्र उलट पुरावा नव्हे, कारण मातीत तो लवकर नष्ट होतो. सांडपाण्याचा संशय असेल, तर मोरीत रंग सोडून तो कोठे उमटतो ते पाहतात.

गळती आहे हे ठरल्यावर तिची जागा शोधावयाची. दाबाखालील पाणी छिद्रातून निसटताना आवाज करते. रात्रीच्या शांततेत नळाला धातूची कांडी टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरले, की तो ऐकू येतो. आधुनिक यंत्रे नळाच्या दोन ठिकाणी हा आवाज टिपतात आणि तो दोहोंकडे पोहोचण्यास लागलेल्या वेळेतील फरकावरून छिद्राचे स्थान काढतात. प्लास्टिकच्या नळात आवाज दूर जात नाही. तेथे नळ रिकामा करून त्यात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन यांचे मिश्रण भरतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजनचे सूक्ष्म रेणू काँक्रीटमधून वर येतात आणि संवेदक यंत्र त्यांची सूचना देते.

मग फरशी जेथे फोडणे अवश्य असेल तेथेच फोडावी. जस्ताचा मुलामा दिलेला जुना लोखंडी नळ एके ठिकाणी गंजून फुटला असेल, तर दुसरे ठिकाण फार दूर नसते. अशा वेळी ठिगळ लावण्याऐवजी तो नळ कायमचा बंद करून नवा नळ भिंतीवरून, डोळ्यांसमोर राहील असा नेणे शहाणपणाचे. जमिनीखालूनच नेणे भाग असेल, तर तो मैलानळापासून दूर आणि त्याहून वरच्या पातळीवर असावा. माती लोटण्यापूर्वी नव्या नळाची दाबाखाली परीक्षा घ्यावी. पोकळी थराथराने भरून धुमसावी. आणि ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने नळ निर्जंतुक करून, धुऊन मगच त्यातील पाणी पिण्यास घ्यावे.

१९५८ साली नागपूर येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था स्थापन झाली. आज ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, या नावाने परिचित आहे. भारतीय शहरांतील गळतीची पाहणी करताना तिला असे दिसले, की गळतीची बरीचशी ठिकाणे रस्त्याखालच्या मोठ्या नळांत नसून घराकडे येणाऱ्या लहान जोडनळांत असतात. अर्थात शहराच्या पाण्याची राखण जलशुद्धीकरण केंद्राच्या भिंतींपाशी संपत नाही. तिचा शेवटचा भाग प्रत्येक घराच्या उंबऱ्याखाली आहे, आणि तेथे जलमापकाचा काटा वाचणारा गृहस्थ हाच पहिला परीक्षक होय.