फ्यूजच्या जागी बल्ब

मागच्या दिव्यांचा फ्यूज बदलला की उडतो, पुन्हा बदलला की पुन्हा उडतो. गाडी अंधेरीची असो की मुलुंडची, कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल, ‘वायर बॉडीला लागलीय.’ पण कुठे? शेकडो मीटर वायर गालिच्याखालून, दारांच्या पत्र्याआडून फिरलेली असते.

घरातल्या दिव्याला जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी लागतात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच पुरते, कारण बॅटरीचं निगेटिव्ह टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं आणि वीज पत्र्यातूनच परत येते. तांबं वाचतं खरं, पण त्या एका वायरीचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली, की करंट दिव्यापर्यंत जायचे कष्ट घेत नाही. फ्यूजमधली पट्टी क्षणात वितळते. गाडी जळण्यापासून वाचते, पण शोधायला काहीच उरत नाही.

म्हणून फ्यूजच्या जागी २१ वॅटचा साधा बल्ब जोडायचा. १२ व्होल्टला तो पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो. शॉर्ट आहे तोवर बल्ब लख्ख जळतो आणि वायर तापत नाही. मग एकेक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सुटा करत जायचं. ज्या कपलरला बल्ब विझला किंवा एकदम मंदावला, त्याच्या पुढे दुखणं. (पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे, त्यांना हात लावू नये.) पुष्कळदा माग डिकीच्या बिजागरीपाशी संपतो. तिथली रबरी नळी सरकवली की दिसतं: रोजच्या उघडझापीने तडकलेलं आवरण, उघडं तांबं, पत्र्यावर काळा डाग.

वायर गालिच्याखाली असेल तर याहून गंमत. बल्ब तसाच ठेवायचा, स्विच चालू-बंद करायचा आणि वायरीच्या मार्गावरून होकायंत्र सरकवत न्यायचं. दर वेळी सुई दचकते. शॉर्टची जागा ओलांडली की दचकायची थांबते. करंटमुळे सुई हलते हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवलं होतं. घरातल्या शेजारी-शेजारी वायरींवर ही युक्ती चालत नाही, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकत्व जवळजवळ पुसून टाकतात. गाडीत वायर एकटी, म्हणून ती सापडते.

पावसाच्या पाण्याचं प्रकरण वेगळं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अंधेरीचा सबवे तर एरवीही भरतो. अशा पाण्यात गाडी बुडाली, तरी गढूळ पाण्यातून करंट थोडाच झिरपतो, त्यामुळे फ्यूज उडत नाही. पण कपलरमधलं तांबं हिरवं पडून झिजत जातं. म्हणून पाण्यात बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवायची. पाणी ओसरल्यावर रात्रीतून बॅटरी उतरू लागली, तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबावं आणि फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांवर मीटर लावावा. फ्यूजच्या पट्टीलाही इवलासा विरोध असतोच. ज्या फ्यूजवर मिलिव्होल्टचा आकडा दिसेल, त्याच्या वायरीतून करंट जातोय.