पोटाच्या मागच्या भागातली गाठ सोनोग्राफीत ओळखायची कशी?

ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलात की गर्भलिंगनिदान केले जात नाही ही पाटी आधी दिसते. सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण नाहीतर मुतखडा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आज आम्ही बोलणार आहोत त्याच यंत्रावर दिसणाऱ्या, पण सहज निसटणाऱ्या एका दुर्मिळ गाठीबद्दल.

आपल्या पोटाला आतून एक पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम. आतड्यांचा बराचसा भाग, यकृत, प्लीहा त्याच्या पिशवीत असतात. त्याच्या मागे, पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडं, ॲड्रिनल ग्रंथी, स्वादुपिंडाचा मोठा भाग, महाधमनी आणि महाशिरा असतात, आणि यांच्या मध्ये चरबी, स्नायू, नसा. या चरबी-स्नायू-नसांमधूनच, कुठल्याही अवयवातून न येता, जी गाठ वाढते ती प्राथमिक रेट्रोपेरिटोनियल गाठ. इथे जागा ऐसपैस असल्यामुळे गाठ खूप मोठी होईपर्यंत त्रासच होत नाही. पोट जरा वाढलंय, पॅंट घट्ट होतेय, एवढंच. प्रौढांमधल्या अशा गाठींपैकी बहुसंख्य कर्करोगाच्या असतात, आणि त्यात चरबीतून येणारा लायपोसार्कोमा सगळ्यात जास्त आढळतो.

मग ओळखायची कशी? पहिला प्रश्न 'गाठ केवढी' हा नाही, 'गाठ कुठून आली' हा आहे.

एक, ढकलण्याची दिशा. मूत्रपिंड, स्वादुपिंड किंवा महाशिरा पुढे, म्हणजे पोटाच्या भिंतीकडे सरकलेली दिसली, तर गाठ मागे आहे.

दोन, श्वास. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा. यकृत, मूत्रपिंड खाली-वर सरकतात. गाठ जागची हलत नसेल आणि मूत्रपिंड तिच्यावरून वेगळं घसरत असेल, तर ती बहुधा मूत्रपिंडाची नाही.

तीन, कडा. गाठ अवयवातूनच आली असेल, तर त्या अवयवाची कड गाठीभोवती चोचीसारखी टोकदार होते. नुसता दाबला गेला असेल, तर कड बोथट राहते.

चार, दोन्ही बाजूंची तुलना. लायपोसार्कोमाची चरबी नेहमीच्या चरबीसारखीच उजळ दिसू शकते. आतड्यातला वायू म्हणून ती सोडून दिली जाते. म्हणून रुग्णाला कुशीवर वळवा, बगलेकडून पाहा, डावी-उजवी बाजू ताडून बघा. मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगलंय का, हेही पाहा.

अशाच दिसणाऱ्या इतर गाठीही वगळाव्या लागतात. लिम्फोमात महाधमनीभोवती गाठींचा वेढा दिसतो. तरुण पुरुषाच्या पोटात मागे गाठी दिसल्या, तर अंडकोषांची सोनोग्राफी करायलाच हवी, कारण मूळ तिथे असू शकतं.

आता खरं महत्त्वाचं. सोनोग्राफी संशय दाखवते, निदान पक्कं करत नाही. पुढची पायरी कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन. त्यानंतर बहुतेक वेळा जाड सुईने बायोप्सी, तीही शक्यतो पाठीकडून किंवा बगलेकडून, म्हणजे पेरिटोनियमच्या पिशवीतून सुई जात नाही. ॲड्रिनल किंवा नसांच्या गाठीचा संशय असेल, तर सुईआधी रक्तातल्या वा लघवीतल्या मेटानेफ्रिनची तपासणी करावी. नाहीतर रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो.

आणि 'पोट उघडून बघू' असं म्हणून घाईने शस्त्रक्रिया नको. सार्कोमा पूर्ण बरा होण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्याच शस्त्रक्रियेत असते. गाठ तुकड्या-तुकड्यांनी काढली, तर ती परत येण्याची शक्यता वाढते. कधी शेजारचं मूत्रपिंड किंवा आतड्याचा भागही सोबत काढावा लागतो. हे काम सार्कोमा पाहणाऱ्या टीमचं. आपल्या भागातल्या लोकांना परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल स्लो लोकलच्या अंतरावर आहे, १९४१ पासून.

सोनोलॉजिस्ट मित्रांनो, रिपोर्टमध्ये फक्त 'पोटात मोठी गाठ' असं लिहून थांबू नका. मागे आहे, काय ढकललंय, कशातून आलेली वाटत नाही, हे लिहा. आणि रुग्णांनो, रिपोर्टमध्ये 'रेट्रोपेरिटोनियल' शब्द दिसला, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: शस्त्रक्रियेआधी सीटी आणि सार्कोमा टीमचं मत घ्यायचं ना?